खांदा बदलायचा की सांभाळायचा?

गेल्या वर्षी आषाढातल्या एका रविवारी आमची धाकटी बहीण सिंदेवाहीकडून पहिल्या बसने चंद्रपूरला आली. पाऊस लागलेला होता. लुगडे ओले, पण काखेतली प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी ठेवलेली. पिशवीत एक्स-रेचे दोन फोटो आणि एका खाजगी दवाखान्याचा छापील कागद. चहाचा कप हातात घेण्याआधीच ती म्हणाली, "दादा, पोराचा खांदा बदलवा लागते म्हणते डाक्टर. शेत विकू का?"

पोरगा म्हणजे आमचा भाचा. वय सत्तावीस. एका सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे लोडिंगच्या कामावर होता. पन्नास किलोची गोणी खांद्यावर घ्यायची, ट्रकमध्ये टाकायची, पुन्हा वळायचे. दोन वर्षांपासून उजवा खांदा दुखत होता. आधी वात म्हणून मालिश झाली, मग बिब्बा लावून झाला, मग गावच्या डॉक्टरकडून सुया घेणे सुरू झाले. सुई घेतली की आठ दिवस बरे, की पुन्हा तेच. शेवटी केस विंचरायलाही हात वर जाईना, तेव्हा कोणीतरी मोठ्या दवाखान्याचा रस्ता दाखविला. तिथे एक्स-रे झाला आणि हाती अंदाजपत्रक मिळाले. दोन लाख चाळीस हजार रुपये. बहिणीकडे दीड एकर धानाचे शेत, तेवढीच काय ती इस्टेट.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी.कॉम. झाल्यापासून कागद तपासणे हेच आमचे काम. म्हणून सवयीने ते अंदाजपत्रक ओळीने वाचले. सांध्याची किंमत होती, ऑपरेशन थिएटरचे भाडे होते, भूलतज्ज्ञाची फी होती, पाच दिवसांची खोली होती. रक्ताचा रकाना रिकामा होता. वर रुग्णाची माहिती लिहिण्याची जागा असते. तिथे "इतर आजार" यापुढे "नाही" असे लिहिले होते.

आम्ही बहिणीकडे पाहिले. भाच्याला सिकलसेल आहे, एस.एस. पॅटर्न, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. तो शाळेत असताना तपासणी झाली होती, कार्ड मिळाले होते. "हे सांगितलं नाही काय डॉक्टरला?" तिने मान खाली घातली. "पोरीचं जुळून राहिलं आहे दादा. त्या दवाखान्यात सोयऱ्याचा माणूस कामाला आहे. कानावर गेलं असतं तर?"

रागवावे असे वाटले. पण रागावण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. दोन वर्षांपूर्वी वधू-वर मेळाव्याचे फॉर्म आम्हीच छापून घेतले होते. त्यात शिक्षण, उंची, पगार, रक्तगट, सगळे रकाने होते. सिकलसेलचा रकाना ठेवावा, असे एका कार्यकर्त्या ताईंनी सुचविले, तेव्हा "लोक नाराज होतील, पुढच्या वर्षी पाहू" असे म्हणणारे आम्हीच होतो.

आता खांद्याचा आणि सिकलसेलचा संबंध काय, हे आधी सांगतो, कारण तो आमच्याही लक्षात उशिराच आला. आपल्या वस्तीतली एक मुलगी नागपुरात डॉक्टरकीचे शिक्षण घेते. तिने आम्हाला बसवून समजावले, आणि परदेशातील संशोधनाचे लेख काढून दिले. ते अर्थ लावत लावत वाचायला आम्हाला तीन रविवार लागले.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेला लिंबू. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा हा लिंबू, आणि खवाट्याच्या हाडावरची वाटी ही बशी. बशी उथळ असल्यामुळेच हात चारी दिशांना फिरतो. लिंबू घसरू नये म्हणून भोवती चार स्नायूंची वेढणी असते. त्या गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या नळ्या बारीक असतात. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, अशा नळ्यांत अडकतात, आणि पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. हाडाचा तेवढा भाग मरतो. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. घुशीने पोखरलेल्या बांधासारखे वरून साबूत दिसते, आणि एक दिवस वजन पडले की खचते. सिकलसेलमध्ये हा प्रकार सर्वांत जास्त खुब्यात होतो, त्याखालोखाल खांद्यात.

अमेरिकेत अडीच हजारांवर सिकलसेल रुग्णांचे खांद्याचे एक्स-रे काढून १९९३ साली एक अभ्यास छापला गेला. शंभरात साडेपाच जणांच्या खांद्याचे हाड असे मेलेले आढळले. त्यातही विशेष हे, की ज्यांचे हाड मेलेले दिसले त्यांपैकी साधारण पाचातला एकच जण दुखते किंवा हात अडतो असे सांगत होता. बाकीच्यांना पत्ताच नव्हता. आता विचार करा, ज्याला पत्ता नाही त्याच्या खांद्यावर रोज पन्नास किलोच्या गोण्या पडत असतील तर काय होईल.

हा आजार आपल्याकडचा नवा नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची माहिती प्रसिद्ध केली होती. म्हणजे पासष्ट वर्षांवर होऊन गेली. काही लोक अजूनही याला "यांच्या जातीचा रोग" म्हणतात. खरे कारण जंगल आणि मलेरिया हे आहे. ज्याच्यात सिकलसेलचा एकच दोष असतो, म्हणजे ए.एस. वाहक, त्याला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. मलेरियाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत म्हणून हा दोष टिकून राहिला, मग ते आदिवासी असोत, आपण असू किंवा शेजारी राहणारे इतर असोत. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तेच घडले. यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे आम्हाला तरी अजून सापडलेले नाही.

असो. खांदा बदलण्याकडे येतो.

खांद्याचा कृत्रिम सांधा पहिल्यांदा बसविला गेला तो १८९३ साली, पॅरिसमध्ये, पेआँ नावाच्या सर्जनच्या हातून. क्षयाने खांदा खाल्लेला रुग्ण, आणि सांधा प्लॅटिनम व रबराचा. तो बसविला, पण जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत डॉ. नीर यांनी धातूचा गोळा तयार केला. तिथून आजच्या शस्त्रक्रियेची खरी सुरुवात मानतात. १९८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये डॉ. ग्रामाँ यांनी सगळे उलटे करून पाहिले. गोळा खवाट्यावर आणि वाटी दंडावर. भोवतीची चार स्नायूंची वेढणी फाटलेली असली तरी खांद्यावरचा मोठा स्नायू एकटा हात उचलू शकतो, हा त्यातला फायदा. याला उलटा सांधा म्हणतात. म्हणजे आज तीन प्रकार आहेत: नुसता गोळा बदलणे, गोळा आणि वाटी दोन्ही बदलणे, आणि उलटा सांधा. कोणाला कोणता, हे वय, स्नायू आणि वाटीची स्थिती पाहून ठरते. तरुण माणसाचे हाड मेलेले असते, पण वाटी पुष्कळदा चांगली असते. तिथे नुसता गोळाही पुरतो. भाच्याच्या अंदाजपत्रकावर यांपैकी कोणता ते लिहिलेले नव्हते. "शोल्डर जॉइंट, इंपोर्टेड" एवढेच.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. बसविलेला सांधा टिकतो किती?

२०२० साली अनेक अभ्यास आणि देशोदेशींच्या नोंदवह्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की शंभरातले नव्वदहून जास्त सांधे दहा वर्षे टिकतात. ऐकायला चांगले वाटते, आणि ते खरेही आहे. पण हा आकडा कोणाचा, हे पाहिले पाहिजे. खांदा बदलणारे लोक बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढचे असतात. इंग्लंडमध्ये १९९८ ते २०१७ या काळातील अठ्ठावन्न हजारांवर शस्त्रक्रियांचा हिशेब 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये २०१९ साली आला. पंच्याऐंशीच्या पुढच्या बायांमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता आयुष्यभरात सदतिसात एक, तर पंचावन्न ते एकोणसाठ वयाच्या पुरुषांमध्ये चारात एक. कारण सरळ आहे. माणूस तरुण, म्हणजे सांधा वापरायची वर्षे जास्त आणि जोरही जास्त. मग सत्तावीस वर्षांच्या हमालाचे काय? त्याला साठीपर्यंत जायला तेहतीस वर्षे आहेत. दहा वर्षांनी किंवा पंधरा वर्षांनी सांधा सैल झाला तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, कारण हाड कमी उरते. तेव्हा विकायला दुसरे शेत कुठले आणायचे?

शिवाय त्या लेखांतले बरेच रुग्ण निवृत्तीच्या वयाचे. सांधा बसविल्यावर जड वजन उचलू नका, असे सर्जन तिथेही सांगतात. म्हणजे आमच्या बहिणीला वाटत होते ते मुळातच चुकीचे होते. तिला वाटत होते, खांदा नवा झाला की पोरगा परत गोण्या उचलेल आणि पाच-सात वर्षांत शेत सोडवून घेऊ. खांदा बदलण्याचा पहिला लाभ दुखणे कमी होण्याचा असतो, रात्रीची झोप लागते, हात तोंडापर्यंत आणि डोक्यापर्यंत जातो. हा लाभ लहान नाही. पण पन्नास किलोची गोणी त्यात बसत नाही. हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिनेही विचारले नव्हते. आपल्या माणसाला डॉक्टरपुढे प्रश्न सुचत नाही, आणि सुचला तरी जिभेवर येत नाही, हा आमचाही अनुभव आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे असतात तेही सांगून ठेवतो, कारण ज्यांना ती खरोखर करावी लागते त्यांना उपयोग होईल. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत. बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे, नाहीतर हात सुजतो. खांदा मात्र स्वतःच्या जोराने उचलायचा नाही. दुसऱ्याने किंवा आपल्याच चांगल्या हाताने तो हलकेच न्यायचा, किंवा पुढे वाकून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. खाटेवरून उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही. हात पाठीमागे न्यायचा नाही, म्हणजे बायांना चोळीची मागची गाठ बांधणे बंद. सहा आठवड्यांनंतर हळूहळू स्वतःच्या जोराने हालचाल, तीन महिन्यांनंतर ताकदीचे व्यायाम. पूर्ण फायदा दिसायला वर्ष लागते. हा झाला सर्वसाधारण क्रम. आपल्या सर्जनने वेगळे सांगितले तर त्यांचेच ऐकावे. उलट्या सांध्यात लगेच हालचाल सुरू करणे आणि सहा आठवडे थांबणे, यांची तुलना करणारी एक चाचणी २०२० साली अमेरिकेत छापली गेली. वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी निघाली.

म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची तीन महिन्यांची मजुरी तरी गेलीच. ती अंदाजपत्रकात कधीच नसते. जिथे ई.एस.आय. लागू आहे तिथे ठेकेदार हप्ता कापतो का आणि भरतो का, हे कामगाराने आधीच पाहून ठेवावे. हप्ते नियमानुसार भरलेले असतील तर आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम वर्षातून एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळू शकते. भाच्याच्या पगारातून पैसे कापले जात होते. भरले जात होते की नाही, तो वाद अजून चालू आहे.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे, रक्ताच्या. ही गोष्ट वाचली तेव्हा आमच्या अंगावर काटा आला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिकलसेल असलेल्या माणसाची शस्त्रक्रिया करताना शरीराला प्राणवायू कमी पडला, थंडी वाजली किंवा पाणी कमी पडले, की पेशी आणखी वाकड्या होतात. छातीत गुंता होतो, श्वास अडतो. हे टाळण्यासाठी आधी रक्त द्यावे की नको, यावर डॉक्टरांतच मतभेद होते. मग इंग्लंड आणि इतर काही देशांतील रुग्णालयांनी मिळून एक चाचणी केली. 'लॅन्सेट' मध्ये ती २०१३ साली आली. सदुसष्ट रुग्ण. चिठ्ठी टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला शस्त्रक्रियेआधी रक्त दिले, दुसऱ्याला दिले नाही. रक्त न दिलेल्या तेहतीस जणांपैकी तेरा जणांना गुंतागुंत झाली. रक्त दिलेल्या चौतीस जणांपैकी पाच जणांना. फरक इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण रक्त न देता पुढे जाणे योग्य राहिले नव्हते. एवढा फरक एका कोऱ्या रकान्यात दडलेला होता. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते तयारी कशाची करणार? सोयऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून आम्ही त्या पोराला टेबलावर झोपवायला निघालो होतो.

दुसऱ्याच दिवशी बहिणीला आणि भाच्याला घेऊन नागपूरला गेलो. दीडशे किलोमीटर, पहाटेची गाडी. सरकारी दवाखान्यात हाडांच्या विभागात लांब रांग. नंबर लागला तेव्हा एक वाजला होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना आधी कार्ड दाखविले, मग एक्स-रे. त्यांनी पुन्हा फोटो काढायला लावले, नंतर एम.आर.आय. झाला. गोळ्याच्या वरच्या भागाला चीर गेली आहे, थोडा खचला आहे, पण पूर्ण चपटा झालेला नाही, वाटी चांगली आहे, असे त्यांनी सांगितले. मग भाच्याकडे पाहून म्हणाले, "शस्त्रक्रिया रद्द करत नाही मी, पुढे ढकलतो. जितकी पुढे जाईल तितकी चांगली. पण गोणी आजपासून बंद."

नुसत्या व्यायामाने काय होणार, असे बहिणीच्या मनात आले. आमच्याही आले. त्यावरही संशोधन आहे, खांद्यावर नसले तरी खुब्यावर आहे. सिकलसेलने खुब्याचे हाड मेलेल्या अडतीस रुग्णांची एक चाचणी २००६ साली अमेरिकेत छापली गेली. काहींच्या हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी केला आणि वर व्यायामही दिले, काहींना फक्त शिस्तीचे व्यायाम दिले. तीन वर्षांनी नुसते व्यायाम करणारे मागे पडलेले नव्हते. चाचणी लहान आहे, तिच्यावर सगळे घर बांधता येणार नाही. पण खुब्यावर तर चालताना सगळा भार येतो. खांद्यावर आपणच टाकला नाही तर भार येत नाही, म्हणून खचलेला खांदासुद्धा कित्येकांचा बरीच वर्षे चालतो.

औषधाचेही तिथेच ठरले. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या साठ मुलांवर तिची चाचणी केली होती, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली. वजनाच्या दर किलोला दहा मिलिग्रॅम, म्हणजे लहान मात्रा. खरी गोळी घेणाऱ्या मुलांचे दुखण्याचे झटके आणि रक्त चढविण्याची वेळ पुष्कळ कमी झाली. आपल्या भागातल्या पोरांवर झालेले हे काम आहे, म्हणून आम्हाला त्याचे मोल जास्त वाटते. मात्र मेलेले हाड या गोळीने जिवंत होत नाही. मधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि मूल हवे असेल तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घ्यायची नसते. भाच्याकडे ही गोळी तीन वर्षांपूर्वीपासून होती. बरे वाटले की बंद, दुखले की सुरू, असा त्याचा कारभार.

व्यायामासाठी दर आठवड्याला नागपूर कसे जमणार, ही पुढची अडचण. चंद्रपूरचे एक वेळ ठीक, भामरागड-एटापल्लीच्या माणसाने काय करावे? इथे आणखी एक चाचणी आमच्या मदतीला आली. इंग्लंडमध्ये खांद्याच्या स्नायूंचे दुखणे असलेल्या सातशे आठ लोकांची, २०२१ साली छापलेली. काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहापर्यंत फेऱ्या, काहींना एकदाच नीट बसवून समजावून सांगणे आणि घरी करायचे व्यायाम. वर्षभराने दोघांत फरक दिसला नाही. सुईचा फायदाही थोडेच दिवस टिकलेला होता. हे सिकलसेलचे रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी भाच्याने एकदाच नीट शिकून घेतले, आणि बहिणीने व्यायामाची चित्रे भिंतीवर चिकटवली. पोरगा लंबकासारखा हात झुलवू लागला की शेजारची पोरे त्याच्यामागे रांगेत उभी राहून तसेच करायची.

सिकलसेल नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. अंगणात घसरून म्हातारीचा खांदा मोडला की घरचे लोक लगेच पट्टी-स्क्रूच्या मागे लागतात. इंग्लंडमध्ये हाड जागेवरून सरकलेल्या अडीचशे रुग्णांची चाचणी २०१५ साली आली. शस्त्रक्रिया केलेले आणि झोळीत हात ठेवलेले, दोघेही दोन वर्षांनी सारखेच. उलट नॉर्वेत एकशे चोवीस वृद्ध रुग्णांत प्लेटपेक्षा उलटा सांधा बरा ठरला, २०२० साली. म्हणजे शस्त्रक्रिया कधीच नको असे नाही, आणि मोडले की कापाच असेही नाही. "न करता काय होईल?" एवढे एक वाक्य डॉक्टरांना विचारायला पैसे लागत नाहीत. आखडलेला खांदा, जो मधुमेहवाल्यांना फार होतो, त्याचीही पाचशे तीन रुग्णांची चाचणी झाली. भूल देऊन हात मोकळा करणे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, किंवा सुईसह व्यायाम, तिन्हींत कोणी ठळकपणे पुढे गेले नाही.

कामाने झिजलेल्या शरीराचा अभ्यास आपल्या भागात होत नाही असे नाही. गडचिरोलीत १९८६ पासून असलेल्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या पाठदुखी-सांधेदुखीचा अभ्यास केला, आणि मुंबईचे डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी तिथे येऊन पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रिया करीत आले. सिकलसेलसाठी नागपूरचे संपत रामटेके वर्षानुवर्षे झटले, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चंद्रपुरात रक्ताच्या अशा आनुवंशिक आजारांच्या संशोधनाचे केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, आणि १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, टक्केवारी डॉक्टर ठरवतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या दवाखान्यात बसतो. कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते हे शेत विकण्याआधी त्याला विचारावे. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, तरी आमच्या बहिणीला ती माहीत नव्हती. आम्हाला माहीत होती, आम्ही सांगितली नव्हती.

भाचीच्या लग्नाचे राहिलेच. नागपूरहून परतल्यावर आम्ही स्वतः त्या सोयऱ्यांकडे गेलो आणि सगळे सांगितले. मुलगी ए.एस. आहे, तिला स्वतःला आजार नाही. मुलाची तपासणी करा. तोही ए.एस. निघाला तर प्रत्येक बाळंतपणात एस.एस. मूल होण्याची शक्यता चारात एक. तो साधा निघाला तर एस.एस. मूल होणार नाही. त्यांनी चहा दिला, चांगले बोलले, आणि नंतर निरोप आला नाही. बहीण आमच्याशी महिनाभर बोलली नाही. या दिवाळीनंतर दुसरे स्थळ आले आहे. मुलगा पोस्टात आहे, त्याने आधी स्वतःच तपासणीचा कागद पाठविला. बोलणी चालू आहेत.

आम्हीही त्या दिवसांत आपले रक्त तपासून घेतले. ए.एस. निघालो. पंचेचाळीस वर्षे हे माहीत नव्हते. मेळाव्याच्या यंदाच्या फॉर्मवर रकाना आहे, पहिल्या पानावर, रक्तगटाच्या शेजारी. दोघा-तिघांनी तो कोरा ठेवून दिला. त्यांच्या घरी जाणे बाकी आहे.

भाचा आता त्याच कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्या लिहितो. मजुरी महिन्याला तीन हजारांनी कमी पडते, आणि त्यावरून घरात कधीकधी भांडण होते. हात डोक्यापर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. रात्री झोप लागते. गोळी बहीण स्वतः मोजून देते. धान यंदा बरे झाले. पुढचा एक्स-रे माघातल्या दुसऱ्या सोमवारी आहे, आणि पिशवीत या वेळी कार्ड सगळ्यांत वर ठेवले आहे.